डीजेचा लॅपटॉप बंद पडतो, तेव्हा पैसे कोणाचे कापायचे?

तुमच्या गॅदरिंगला, फेअरवेलला किंवा चुलत बहिणीच्या हळदीला हे एकदा तरी झालेलं असणार. गाणं मस्त चढलेलं, सगळ्यांचे हात वर, ड्रॉप येणार म्हणून पुढची रांग खाली वाकलेली, आणि एकदम शांतता. स्पीकर नुसतेच गुंगुं करत राहतात. मग मागून कुणीतरी ओरडतं, ‘‘ए डीजे, चार्जर लाव बे!’’ सगळे हसतात. आपणही हसतो. मीही हसले होते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अकोल्यातलं आमचं कॉलेज, मार्चचा शेवटचा आठवडा, सीनिअर्सचं फेअरवेल. मी कल्चरल कमिटीत खजिनदार. हॉल मिळाला नाही म्हणून कार्यक्रम मागच्या मोकळ्या मैदानात ठेवला. सातच्या आत आटपायची अट होती, म्हणून दुपारी चारलाच सुरू. डीजे आमच्याच वर्गातला. ठरलेले पैसे सहा हजार. लॅपटॉप आणि कंट्रोलर त्याचा स्वतःचा, साउंड आणि जनरेटर भाड्याचा.

पाचच्या सुमारास लॅपटॉप बंद पडला. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू झाला, पंधरा मिनिटं चालला, परत बंद. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर कमिटीतल्या एकाने स्वतःचा फोन ऑक्स केबलला जोडला आणि मध्येमध्ये जाहिराती ऐकत आम्ही उरलेलं फेअरवेल उरकलं. रात्री हिशेब. ‘अर्धाच वेळ वाजवलंय ना त्याने’ असं म्हणून आम्ही त्याच्या हातावर साडेतीन हजार ठेवले. व्हाउचरवर सही माझी. तो काहीच बोलला नाही. त्या महिन्यात त्याचं रूमचं भाडं थकलं होतं, हे मला खूप नंतर कळलं.

तर हा लेख त्या कापलेल्या अडीच हजारांबद्दल आहे. आणि लॅपटॉप का तापतो याबद्दलही, कारण दुसरं कळल्याशिवाय पहिल्याचा निकाल लागत नाही.

इथे इंटर्नशिप सुरू झाल्यावर मी त्याला फोन केला. म्हटलं, तेव्हा नक्की काय झालं होतं रे? तो म्हणाला, ‘‘आता विचारतेस?’’ बरोबर होतं त्याचं. तेव्हा विचारायला हवं होतं. पण आपल्याकडे ‘डीजे’ म्हटलं की स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. ‘डीजे लावला’, ‘डीजे आणला’, ‘डीजे बंद करा’ हेच आपण म्हणतो. त्या भिंतीमागे लॅपटॉपवर वाकलेला एक माणूस असतो आणि त्याला काहीतरी कळत असतं, हे आपल्या बोलण्यातच नाही.

त्याला खूप काही कळत होतं. पहिल्यांदा बंद पडायच्या दहा मिनिटं आधीपासून आवाजात करकर येत होती. त्याने आम्हाला सांगितलंही होतं. आम्ही साउंडवाल्याला बोलावलं, त्याने दोन वायरी हलवल्या, ‘ओके आहे’ म्हणून गेला. ती करकर स्पीकरची नव्हतीच.

काय होतं बघा. प्रोसेसर काम करतो तेव्हा गरम होतो. आत एक छोटा पंखा असतो, तो बहुतेक लॅपटॉपमध्ये खालून हवा ओढतो आणि मागून किंवा बाजूच्या जाळीतून गरम हवा बाहेर फेकतो. हवा पुरली नाही की तापमान चढत जातं. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आधी वेग कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही तापतच राहिला तर तो सगळंच बंद करतो. ‘शटिंग डाऊन’ वगैरे काही दाखवत नाही. स्क्रीन थेट काळी.

आता वेग कमी झाला तर तुमचं असाइनमेंट सेव्ह व्हायला दोन सेकंद जास्त लागतील, कुणाला काही कळणार नाही. डीजेचं तसं नसतं. गाणं एका सेकंदात ४४,१०० तुकड्यांनी बनलेलं असतं आणि सॉफ्टवेअर ते छोट्या छोट्या गठ्ठ्यांत साउंड कार्डकडे पाठवतं. गठ्ठा ५१२ तुकड्यांचा ठेवला असेल तर पुढचा गठ्ठा तयार करायला लॅपटॉपकडे साधारण साडेअकरा मिलिसेकंद असतात. तेवढ्यात जमलं नाही तर तिथे भोक पडतं, आणि ते भोक म्हणजे ती करकर. म्हणजे लॅपटॉप आधी वेग कमी करून कुरकुरतो आणि मग पडतो. आमच्या मैदानावर तो दहा मिनिटं सगळ्यांच्या कानात ओरडून सांगत होता, आणि आम्ही वायरी हलवत होतो.

आता तो का तापला ते ऐका. टेबल आम्ही लावलं होतं. पश्चिमेकडे तोंड, म्हणजे चारनंतरचं ऊन सरळ लॅपटॉपवर. लॅपटॉप काळा. मार्चअखेर अकोल्यात दुपारचा पारा चाळिशीच्या आसपास असतो, आणि तो सावलीतला. ॲपल आपल्या मॅकबुकसाठी वापरायचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस असं देतं. बऱ्याच विंडोज लॅपटॉपच्या माहितीतही वरची मर्यादा ३५ च असते. विदर्भ-खानदेशातल्या कुठल्याही उन्हाळी लग्नात हा आकडा सकाळी अकरालाच मागे पडतो. म्हणजे आपण डीजेला जिथे उभा करतो तिथे ते मशीन वापरू नका, असं ते बनवणाऱ्यानेच सांगितलेलं असतं.

ऊन कमी होतं म्हणून की काय, टेबल छान दिसावं म्हणून आम्ही त्यावर लाल साटन अंथरलं होतं. दोन थर, झालर पाडून. लॅपटॉप त्यावर. खालच्या जाळीने हवा ओढायची म्हटलं की साटनच ओढलं जाणार. ती आयडिया माझी होती. फोटोत सुंदर आलंय.

थोडी चूक त्याचीही होती आणि ती त्याने स्वतःहून सांगितली. लॅपटॉप मोठ्या भावाकडून आलेला, पाच वर्षांचा, कधीच उघडलेला नाही. फेअरवेलनंतर त्याने तो दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्या काकांनी मागचं झाकण काढून दाखवलं तर पंखा आणि जाळीच्या मध्ये धुळीचा जाड थर बसला होता, घोंगडीच्या तुकड्यासारखा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून पापुद्रे सुटलेले. साफसफाई आणि नवी पेस्ट, एवढंच काम होतं. तोच लॅपटॉप तो अजून वापरतोय. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण लॅपटॉप बंद पडला की पहिला सल्ला ‘नवा घे, गेमिंगचा घे’ असाच मिळतो. सहा हजारांच्या कामासाठी लाखभराचं मशीन घ्यायचं, तेही हप्त्यावर. आणि गेमिंग लॅपटॉपही साटनवर ठेवला तर तापणारच.

पण प्रत्येक वेळी उष्णताच दोषी असते असंही नाही. इथे बरेच डीजे चुकतात आणि कूलिंग पॅडवर पैसे घालवतात. अचानक बंद पडण्याचं दुसरं मोठं कारण वीज. एक्स्टेन्शन बोर्ड ढिला असतो, नाचणाऱ्या कुणाच्या पायात वायर येते, प्लग अर्धा निघतो, आणि लॅपटॉप गुपचूप बॅटरीवर जातो. बॅटरी जुनी असेल तर ती चाळीस टक्के दाखवत असताना एका सेकंदात झोपते. किंवा लॅपटॉपला ६५ वॉटचा चार्जर लागतो आणि तुम्ही मित्राचा ४५ वॉटचा लावलेला असतो. चार्जिंगचं चिन्ह दिसतं, पण बॅटरी उतरतच असते.

फरक कसा ओळखायचा? बंद पडल्या पडल्या लॅपटॉपच्या खाली हात लावा. चटका बसतोय, बंद पडायच्या आधी पंखा भणाणत होता, आवाजात करकर आली होती, आणि पुन्हा चालू केल्यावर थोड्याच वेळात परत पडला, तर संशय उष्णतेवर. अंग कोमट आहे, करकर नव्हती, चालू केल्यावर बॅटरी अगदीच खाली दिसतेय, तर आधी वायर बघा. घरी आल्यावर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल पॉवर ४१’ अशी नोंद सापडेल आणि नेटवर शोधलंत तर घाबरून जाल. तिचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. का पडलं ते ती नोंद सांगत नाही. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ची बॅटरी रिपोर्टवाली कमांड चालवा. बॅटरी नवी असताना किती होती आणि आता पूर्ण भरल्यावर किती भरते, हे दोन आकडे मिळतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर तिच्या भरवशावर कार्यक्रमाला जाऊ नका.

एक किस्सा सांगते. मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये तो लिहिला होता, काळ विंडोज एक्सपीचा. जॅनेट जॅक्सनच्या ‘रिदम नेशन’ या गाण्याचा व्हिडिओ लावला की एका कंपनीचे काही लॅपटॉप बंद पडायचे. गंमत म्हणजे शेजारी दुसरा लॅपटॉप नुसता ठेवलेला असला तर तोही पडायचा! त्या लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी हार्ड डिस्क होती आणि गाण्यातली एक कंप्रता नेमकी तिच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळत होती. शेवटी कंपनीने आवाजातून ती कंप्रता गाळणारा फिल्टर घातला. आपल्याला त्या गाण्याची भीती नाही, पण फिरती हार्ड डिस्क असलेला जुना लॅपटॉप सबवूफरच्या डोक्यावर ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे तिला हा त्रास नाही.

आता डीजे म्हणून तुमच्या हातात काय आहे? माझा मित्र आता प्रत्येक मोठ्या कामाआधी एक गोष्ट करतो. कार्यक्रमासारखंच सगळं जोडतो, कंट्रोलर, चार्जर, बाहेरची डिस्क, आणि दुपारी खोलीतला पंखा बंद करून दोन तास सलग वाजवतो. बाजूला कोअर टेम्पसारखं फुकटचं सॉफ्टवेअर उघडं. आकडा नव्वदीच्या पुढे जाऊन तिथेच मुक्काम करायला लागला तर कार्यक्रमात काय होणार ते घरीच कळतं. सगळे मिक्सची रिहर्सल करतात, पण मशीनची रिहर्सल कुणी करत नाही.

दुसरं म्हणजे वजन कमी करणं. सेराटो आणि व्हर्च्युअल डीजेमध्ये आता गाण्यातून गायकाचा आवाज किंवा ढोल वेगळा काढता येतो, त्याला स्टेम्स म्हणतात. ऐकायला भारी, पण ते काम ऐनवेळी करायला लावलं तर जुना लॅपटॉप अक्षरशः घाम गाळतो. जी गाणी तशी वापरायची त्यांचे स्टेम्स आदल्या रात्री तयार करून ठेवा. नव्या गाण्यांचं विश्लेषणही घरीच. नवरीच्या भावाने ऐनवेळी पेनड्राइव्हमधून दोनशे गाणी दिली तर ती सगळी एकदम लायब्ररीत ओतू नका. लागेल ते एक घ्या. ब्राउझर, अपडेट, अँटिव्हायरसचं स्कॅन बंद.

आणि एक सेटिंग, जे मला सगळ्यात आवडलं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ असतं. ते १०० वरून ९९ वर आणलं की बऱ्याच लॅपटॉपमध्ये टर्बो बूस्ट बंद होतो. टर्बो म्हणजे प्रोसेसरने थोड्या वेळासाठी मारलेली उडी, आणि उष्णता तिच्यातच जास्त. डीजेला उडी नको असते, चार तास एकसारखी चाल हवी असते. मात्र लाइव्ह स्टेम्स वापरत असाल तर घरी आधी तपासा, कदाचित वेग पुरणार नाही. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसतही नाही.

स्टँड घ्या. साधा, लॅपटॉप सहा इंच हवेत उचलणारा, खालून मोकळा. धूर सोडणाऱ्या मशीनपासून लांब उभे राहा, त्याचा पातळ चिकट थर आत बसतो आणि त्यावर धूळ. गुलालाबद्दल तर बोलायलाच नको. स्वतः ब्लोअर मारणार असाल तर आतलं पातं काडीने धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून खराब होतो. बर्फाची पिशवी खाली ठेवण्याचा उपाय करू नका, पाणी सुटतं. आणि मिक्सरच्या किंवा कंट्रोलरच्या दुसऱ्या इनपुटला एक फोन कायम जोडलेला ठेवा. त्यात तासाभराचा मिक्स, डाउनलोड केलेला, फोन फ्लाइट मोडवर. कंट्रोलर लॅपटॉपशिवाय आवाज सोडतो का, हे घरी तपासून ठेवा. सोडत नसेल तर फोन थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला. लॅपटॉप पडला तर फेडर वर, मग शांतपणे लॅपटॉप उचला, सावलीत न्या, पाच-सात मिनिटं थंड होऊ द्या. लगेच बटण दाबाल तर पंधरा मिनिटांनी तेच होईल. आमच्याकडे तीनदा झालं.

इथवर वाचून कमिटीतले लोक म्हणतील, बघ, सगळं डीजेच्याच हातात आहे. प्रोफेशनल असेल तर त्याने तयारीनेच यावं. मान्य, अर्धं मान्य. मुरलेला डीजे दुसरा लॅपटॉप घेऊन येतो, किंवा पेनड्राइव्हवर चालणारे प्लेअर मागवतो. आम्ही त्या प्लेअरचं भाडं विचारलं होतं. ते आमच्या डीजेच्या मानधनापेक्षा जास्त होतं. म्हणून तर आपण वर्गातल्या मित्राला सांगतो ना? तो स्वस्त पडतो. स्वस्तात घ्यायचं, चाळीस अंशांत उन्हाकडे तोंड करून उभं करायचं, आणि मशीन पडलं की पैसे कापायचे, याला व्यवहार म्हणत नाहीत.

आमच्या कमिटीची यादी माझ्याकडे अजून आहे. बुके, शाल, पाण्याच्या बाटल्या, सेल्फी पॉइंट, पाहुण्यांसाठी कूलर. हो, कूलर होता! प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीपाशी. वीस मिनिटांत पाहुणे गेले, कूलर संध्याकाळपर्यंत रिकाम्या सोफ्याला वारा घालत होता. डीजेच्या टेबलासाठी यादीत एकच ओळ होती: ‘टेबल (साटनसह)’.

माझं म्हणणं एवढंच आहे, की डीजेशी पैशांचं बोलणं करताना दोन ओळी अजून लिहा, व्हॉट्सॲपवर का होईना. टेबल सावलीत असेल, वर छत असेल, लॅपटॉपसाठी वेगळा प्लग असेल, त्या बोर्डावर लायटिंग आणि कूलर नसेल. हे कमिटीने द्यायचं. चालू स्थितीतला, साफ केलेला लॅपटॉप आणि जोडलेला बॅकअप डीजेने आणायचा. मग बंद पडला तर कोणाची ओळ चुकली ते बघा आणि त्याचे पैसे कापा. आणि डीजे मित्रांनो, तुम्हीही टेबल बघून गप्प बसू नका. माझ्या मित्राला साटन बघताच कळलं होतं. बोलला नाही, कारण पहिलंच मोठं काम होतं आणि नखरे करतो असं वाटायला नको होतं. लॅपटॉप जुना आहे हे सांगायलाही लाज वाटली. ‘तुम्ही दुसरा शोधला असता,’ म्हणाला. खरंय, शोधला असता.

मागच्या आठवड्यात पहिलं स्टायपेंड आलं. त्यातून त्याला अडीच हजार जीपे केले. मला वाटलं होतं नको म्हणेल, परत पाठवेल. नाही पाठवले. फक्त मेसेज आला, ‘‘हे कमिटीचे की तुझे?’’

माझे, असं लिहिलं. त्यावर त्याचं उत्तर आलं, ‘‘मग कमिटीचे बाकी आहेत.’’